थर्माकोल: वाफेचा खेळ

थर्माकोलच्या कारखान्यात सगळा कारभार बॉयलरच्या हाती असतो. कच्चा माल साखरेएवढ्या टणक दाण्यांचा येतो. दाणा पॉलिस्टायरीनचा, आणि त्याच्या पोटात सुमारे ६ टक्के पेंटेन. हा द्रव ३६ अंशांनाच उकळतो. शंभराच्या आसपासची वाफ लागली की प्लास्टिक मऊ पडतं, पेंटेनचा वायू होतो आणि दाणा चाळीस-पन्नास पट फुगतो.

हा फुगलेला दाणा लगेच साच्यात घालून चालत नाही. तो थंड होताना आतली वाफ आणि पेंटेन आकसतात, पोटात पोकळी राहते आणि बोटाने दाबला तरी तो चेपतो. म्हणून त्याला जाळीदार कापडाच्या मोठ्या पिशव्यांत काही तास नुसतं ठेवतात. हळूहळू बाहेरची हवा आत शिरते. घाईच्या ऑर्डरलाही ही थांबणूक चुकत नाही.

मग साचा. अ‍ॅल्युमिनियमचे दोन भाग, त्यांच्या अंगाला बारीक छिद्रं. दाणे भरून साचा बंद केला की दाबाखालची वाफ आत सोडतात. दाणे पुन्हा फुगू पाहतात, पण जागा असते कुठे? एकमेकांना रेटत ते बहुकोनी होतात आणि कडांना चिकटतात. गोंदाचा थेंबही लागत नाही. वाफ कमी पडली तर माल भुरभुरतो, जास्त झाली तर पृष्ठभाग वितळून आकसतो. पाण्याने गार करण्याआधी साचा उघडला, तर वस्तू बाहेर येऊनही फुगत राहते. पारख सोपी आहे: तुकडा मोडा. दाणे मधोमध फाटले तर जोड पक्का. अख्खे सुटे झाले तर वाफेत चूक.

जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ स्टास्टनी यांनी १९४९च्या सुमारास हा पदार्थ शोधला. तयार थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवाच असते. त्यामुळेच तो मासळीचा बर्फ टिकवतो, टीव्हीला धक्क्यांपासून वाचवतो. आणि त्याच हवेमुळे भंगारवाला त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही: टेम्पो भरतो, वजन काही होत नाही. पॉलिस्टायरीन वितळवून पुन्हा वापरता येतं, त्यातून फोटोच्या चौकटीही बनतात. अडतं ते गोळा करण्यापाशी.

महाराष्ट्राने २०१८मध्ये थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीवर बंदी घातली. मखर करणाऱ्यांची रोजी बुडाली, हे खरं. तरीही निर्णय योग्यच होता. लसीची किंवा मासळीची पेटी पुन्हा पुन्हा कामाला येते. दीड दिवसाच्या मखराला एवढी वाफ खर्चायची गरज नव्हती.