घरच्या शेडमध्ये जुनी गाडी (भाग ५) : आधी पत्रा, मग इंजिन

गाडीची कागदपत्रं गेल्या आठवड्यात पाहून झाली. आता ती शेडमध्ये उभी आहे आणि घरातल्या प्रत्येकाला एकच घाई झाली आहे, एकदा चालू करून बघू. बॅटरी लावू, प्लग साफ करू, कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल सोडू. माझं सांगणं आहे, बॉनेट आज उघडूच नका. आजचं काम गाडीखाली उताणं पडून करायचं आहे.

आपण ज्या गाडीबद्दल बोलतो आहोत, ती फियाट ११००. इटलीत १९५३ साली आलेलं हे मॉडेल वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीने पुढच्याच वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यात घेतलं. १९६४ साली भारतात ११०० डी आली आणि तीच १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती आपल्या डोळ्यांत बसली आहे, म्हणून तिच्याकडे कुणी स्पोर्ट्स कार म्हणून पाहत नाही. पण याच ११०० वर फियाटने १९५५ साली दोन आसनी उघडी गाडी काढली होती, आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं आपल्या फियाटीही शर्यतीत पळत होत्या. परदेशी रोडस्टरच्या फोटोवर जीव टाकण्यापेक्षा मेहकर तालुक्यातल्या जानेफळच्या शेडमध्ये ही गाडी उभी करणं मला कितीतरी मोलाचं वाटतं.

आता पत्र्याकडे येऊ. जीपला खाली वेगळी चेसिस असते. बॉडी सडली तरी जीपचा सांगाडा टिकतो. फियाटला तशी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि टप हे सगळं मिळूनच तिचा सांगाडा होतो. दाराखालची पट्टी आतून खाल्ली गेली असेल तर गाडी मधोमध बसते, दारं घासायला लागतात, आणि मागचे पाटे जिथे अडकवलेले असतात तो पत्रा एखाद्या खड्ड्यात फाटतो. अशा गाडीत नव्या रिंगा टाकलेलं इंजिन बसवणं म्हणजे पैसा वाया घालवणं.

मुंबईहून आणलेली गाडी खाऱ्या हवेने पोखरलेली असते, हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्याकडची हवा कोरडी, तेव्हा इथली गाडी चांगली निघेल, असा हिशेब लोक करतात. तो अर्धाच खरा आहे. टप, बॉनेट, दारांचा वरचा भाग खरोखर चांगला निघतो. पण चाकावरच्या कमानीत हात घालून बघा. मेहकर तालुक्यातल्या पांदण रस्त्यांची काळी माती तिथे थराने बसलेली असते. वरून ती वाळून दगड होते, आतून मात्र पावसाळा संपल्यावरही कितीतरी दिवस ओल धरून ठेवते. पाणी न मारता लाकडी पाचरीने तो थर उकरा. खाली निळसर निरोगी पत्रा दिसला तर देवाचे आभार माना. पापुद्रे सुटून आले तर काम वाढलं. दुसरी जागा पायाखालच्या रबरी मॅटखालची. पुढच्या काचेचं रबर उन्हाने तडकतं, तिथून पावसाचं पाणी आत उतरतं आणि मॅटखाली साठून राहतं.

तपासायला दोनच वस्तू लागतात, चुंबक आणि जुना स्क्रू ड्रायव्हर. चुंबक जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. स्क्रू ड्रायव्हर दाबल्यावर आत जातो तिथला पत्रा गेलेला आहे. सापडलेली प्रत्येक जागा खडूने आखून ठेवा.

आता कापाकापी. त्याआधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी गाडीतून काढून शेडच्या बाहेर ठेवायची. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ उरते. गाडी जॅकवर सोडायची नाही. पुढे आणि मागे पक्के स्टँड लावून ती समपातळीत घ्यायची. दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवा वेल्ड करायचा. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच वेळी कापायच्या नाहीत. एक बाजू पुरती झाली, दार लावून फट सारखी आली, मगच दुसरी.

गावात वेल्डर मिळतो, पण त्याचा हात ट्रॉली आणि गेटच्या जाड लोखंडावर बसलेला असतो. फियाटचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, साध्या आर्कने त्याला भोकं पडतात. सीओटू वेल्डिंगचं मशीन असलेला माणूस शोधा, त्यासाठी खामगावला जावं लागलं तरी चालेल. एका रेषेत सलग वेल्ड करू देऊ नका. टाके दूर दूर घ्यायचे, पत्रा निवू द्यायचा, मग मधले भरायचे. नाहीतर पत्रा लाटेसारखा वाकतो.

कूलर बनवणाऱ्या कारागिराचा पत्रा दुमडण्यातला हात वाखाणण्यासारखा असतो. तळाचे तुकडे त्याच्याकडून जरूर वाकवून घ्या. मात्र कूलरचा जीआय पत्रा वापरू नका. वेल्ड करताना त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. साधा सीआर पत्रा घ्या.

एका गोष्टीवर मी अडून बसतो. गंजलेल्या पत्र्यावर नवा तुकडा ठोकून वरून लांबी फिरवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि तिच्यामुळे किती चांगल्या गाड्या भंगारात गेल्या ते बघून जीव तुटतो. गंज दोन पत्र्यांमध्ये कोंडला की आणखी वेगाने खातो. सडलेलं निरोगी पत्र्यापर्यंत कापूनच काढायचं. पन्नास वर्षांवरच्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो, पण मूळ सांगाडा बदललेला चालत नाही. म्हणून कापलेल्या तुकड्याचा आकार, उभार, घडी, सगळं जसंच्या तसं परत आलं पाहिजे.

उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका, त्याच संध्याकाळी रेड ऑक्साइडचा हात द्या. आणि दाराखालच्या पट्टीला बुडाशी जी बारीक भोकं आहेत, ती रंगाच्या किंवा सीलरच्या भरात बुजवू नका. आत शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. तार घालून ती मोकळी आहेत याची खात्री करा.

पुढच्या आठवड्यात ब्रेक : मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि जुन्या नळ्या. इंजिन त्यानंतर.