मोगऱ्याची मुळे आणि डँडेलियनचे मरण

मे महिना आला की आपल्या मंडळींची अंगणात लगबग सुरू होते. कोणी मोगऱ्याच्या फांद्या लावतो, कोणी हिरवळीतल्या डँडेलियनवर औषध फवारतो. कामे दोन, पण दोन्ही वेळी बहुधा आपण एकाच कुळातले रसायन वापरतो. ते म्हणजे ऑक्सिन, झाडांच्या वाढीचे संप्रेरक. एक मुळे फोडते, दुसरे मुळासकट मारते. हे कसे?

मुळे फुटण्याच्या पावडरीत सहसा इंडोल ब्युटिरिक ॲसिड असते. कोवळ्या फांद्यांसाठी जेमतेम ०.१ टक्का, बाकी टाल्क. पेशीबाहेरचा ओलावा किंचित आंबट असतो. तिथे या आम्लाचे जे रेणू विद्युतभाररहित राहतात, ते पेशीच्या स्निग्ध पडद्यातून आत शिरतात. आत त्यांना भार येतो आणि आल्या वाटेने परतता येत नाही. झाडाच्या स्वतःच्या ऑक्सिनचेही असेच होते. त्याला बाहेर सोडणारी प्रथिनांची दारे खोडात मुख्यतः पेशीच्या खालच्या अंगाला असतात. म्हणून ते शेंड्याकडून बुडाकडे, तासाला साधारण १ सेंटिमीटर, उतरते. विलोची फांदी दमट हवेत उलटी टांगली तरी मुळे मूळच्या बुडालाच फुटतात!

तेव्हा पावडर बुडाच्या ताज्या कापालाच लावावी आणि जास्तीची झटकून टाकावी. फार झाली तर मुळे फुटण्याऐवजी बूडच खराब होते.

तणावरचे २,४-डी पानाच्या मेणचट थरातून आत जाते आणि रसवाहिन्यांतून साखरेबरोबर मुळापर्यंत पोचते. नैसर्गिक ऑक्सिन झाड लवकर मोडते. हे मात्र रुंद पानांच्या झाडांना चटकन मोडता येत नाही. वाढ वेडीवाकडी होऊन झाड मरते. गवत ते लवकर निकामी करते, म्हणून हिरवळ वाचते.

यावरून तीन गोष्टी लक्षात ठेवू या. फवारणीच्या आधी लगेच हिरवळ कापू नये. पानेच उरली नाहीत तर औषध शिरणार कुठून? वारा असताना फवारू नये. आणि फवारलेल्या हिरवळीचे कापलेले गवत टोमॅटो-मेथीच्या वाफ्यात पसरू नये. टोमॅटोची पाने अगदी थोड्या औषधानेही आक्रसतात.

मोगऱ्याची जास्तीची रोपे झाली, तर गणेशोत्सवाला जरूर घेऊन या. ज्यांच्याकडे मोगरा नाही, त्यांना वाटू या.