दिवा सायकलचा आणि सिग्नलचा

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात रात्री दिव्यावाचून किंवा ‘डबलसीट’ जाणारा सायकलस्वार पोलिसाच्या तावडीत हमखास सापडे. विद्यार्थी असो वा कारकून, कित्येकांची कायद्याशी पहिली ओळख झाली ती चौकात चाकातली हवा सोडली जाताना! आज त्याच रस्त्यांवर स्कूटरी व मोटारींची दाटी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने लाल दिवा ओलांडणे हे धोकादायक वाहनचालन ठरले असून पहिल्याच अपराधाला १००० ते ५००० रुपये दंड किंवा कारावास सांगितला आहे. सायकल ही मोटार वाहनच नसल्याने हे कलम तिला लागत नाही. म्हणून तिला सिग्नल माफ आहे असे मात्र नव्हे. उलट्या दिशेने येणारी सायकलही एखाद्या वृद्ध पादचाऱ्याला कायमची जायबंदी करू शकते. परंतु पंधरा-वीस किलोंची सायकल आणि हजार किलोंची मोटार यांच्या बेशिस्तीला एकाच तागडीत कसे तोलावे? सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यावर मोटारी उभ्या करावयाच्या आणि नाइलाजाने भर रस्त्यात आलेल्या सायकलस्वारावर कर्णा वाजवावयाचा, हा न्याय अजबच. महापालिकेने व पोलिसांनी आधी हे पट्टे मोकळे करावेत. सायकलस्वाराच्या दिव्याची आणि घंटीची तपासणी त्यानंतर खुशाल व्हावी.