घरचा राऊटर आणि खंडित झालेली वाट

1964 च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर झाले आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी त्या विस्तीर्ण जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्या काळी सिरोंच्याच्या शेतकऱ्याला जिल्हा कचेरीतील एखाद्या कामासाठी आलापल्लीचे अरण्य ओलांडून सुमारे दोनशे किलोमीटरांचा प्रवास करावा लागत असे, आणि पावसाळ्यात नद्यानाल्यांनी रस्ता अडवला की तोही मार्ग बंद होई. आज सातबाराचा उतारा, जातीच्या दाखल्याचा अर्ज, मुलीच्या शिष्यवृत्तीची मुदत, गोंडवाना विद्यापीठाचा निकाल, स्वस्त धान्य दुकानातील अंगठ्याची पडताळणी अशी नाना कामे घराच्या किंवा सेवा केंद्राच्या भिंतीवर टांगलेल्या एका लहानशा पेटीच्या आधाराने चालतात. आणि ती पेटी अबोल झाली की ज्याची रोजी बुडते, ज्याच्या अर्जाची मुदत टळते, तो मनुष्य बहुधा अंतरानेही आणि परिस्थितीनेही सर्वांत दूरचा असतो. म्हणून राऊटर इंटरनेटशी का जोडला जात नाही, हे कसे शोधावे याची माहिती केवळ कारागिरांपुरती राहू नये, ती सामान्य गृहस्थाच्याही हाती असावी, असे मला मनापासून वाटते.

या प्रदेशात इंटरनेट येते ते एकाच वाटेने नव्हे. 25 ऑक्टोबर 2011 रोजी केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याच्या योजनेस मंजुरी दिली. तीच योजना 2015 पासून भारतनेट या नावाने ओळखली जाते आणि आपल्या राज्यात तिचा पुढचा टप्पा महानेट म्हणून राबवला गेला. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी यांसारख्या शहरांत खासगी कंपन्यांच्या आणि केबलचालकांच्या तारा खांबाखांबांवरून घरात शिरतात. एटापल्ली, भामरागड, कोरची या तालुक्यांच्या आतल्या गावांत मात्र अनेक ठिकाणी मोबाईलचा मनोरा हाच आधार असतो. 27 एप्रिल 2022 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील नक्षलग्रस्त भागांतल्या 2,343 ठिकाणची टूजी सेवा फोरजी करण्यास मान्यता दिली, त्यामागे अशाच मुलखाची निकड होती. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने उपग्रहाद्वारे इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकशी जे इरादापत्र केले, त्यात प्रथम घ्यावयाच्या जिल्ह्यांत गडचिरोलीचा समावेश आहे. आपल्या घरी यांपैकी कोणती वाट आली आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याची तपासणी पहिल्याच पायरीवर अडते.

सर्वांत मोठा गैरसमज वाय-फाय आणि इंटरनेट या दोहोंना एकच मानण्याचा आहे. मोबाईलच्या कोपऱ्यात वाय-फायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसते, तरी एक पान उघडत नाही, आणि मनुष्य बुचकळ्यात पडतो. ते चिन्ह केवळ एवढेच सांगते की मोबाईल आणि राऊटर यांच्यामधला, म्हणजे घरातल्या घरातला, निरोप पोहोचतो आहे. राऊटरच्या पलीकडे गावाबाहेर जाणारी वाट मोकळी आहे की नाही, याविषयी ते काहीही सांगत नाही. झाडीपट्टीतील धानाच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. शेवटच्या बांधीत पाणी आले नाही म्हणून तो मालगुजारी तलाव उपसायला धावत नाही. बांधीपासून पाटाच्या कडेकडेने वर चालत जातो आणि पाणी कुठपर्यंत आले आहे, ते पाहतो. राऊटरची तपासणीही अशीच हातातल्या मोबाईलपासून वर, एकेक टप्पा पडताळीत करावयाची असते.

पहिला टप्पा सोपा आहे. घरातील एकच मोबाईल अडला आहे की सर्वच? एकच अडला असेल तर दोष त्या मोबाईलचा. त्यातील वाय-फायची जुनी नोंद पुसून परवलीचा शब्द नव्याने द्यावा, बहुधा तेवढ्याने भागते. सर्वच अडले असतील आणि शक्य असेल तर एखादा संगणक तारेने थेट राऊटरला जोडून पाहावा. तारेने चालते आणि हवेतून चालत नाही, असे आढळले तर बाहेरची वाट शाबूत आहे, अडथळा खोलीत आहे. आपल्याकडील मातीच्या जाड भिंती आणि पत्र्याची छपरे रेडिओलहरींना अडवतात. पाण्याने भरलेला लोखंडी कूलर तर लहरींच्या वाटेत उभा राहिलेला दुहेरी पडदाच ठरतो, कारण धातू त्यांना परतवतो आणि पाणी त्यांना शोषते. राऊटर कूलरच्या मागे ठेवण्याची पद्धत विदर्भातील घराघरांत दिसते, ती सोडावी.

कूलरचा विषय निघालाच आहे, तर उष्णतेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण दूरच्या देशांत लिहिल्या गेलेल्या सूचनापत्रिकांत हा मजकूर फारसा आढळत नाही. घरगुती राऊटर सामान्यतः 0 ते 40 अंश सेल्सिअस तापमानात चालण्यासाठी घडवलेले असतात. चंद्रपुरात मे 2019 मध्ये पारा 48 अंशांवर गेला होता, आणि पत्र्याखालच्या खोलीत दुपारी बाहेरच्याहून अधिक उकाडा असतो. अशा वेळी पेटी दुपारी मधूनमधून बंद पडते, वाट तोडते, आपोआप पुन्हा सुरू होते आणि रात्री निर्दोष चालते. मनुष्य कंपनीला दोष देतो, कंपनीचा माणूस संध्याकाळी येऊन सर्व ठीक असल्याचे सांगून जातो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीच कहाणी घडते. बिघाड ठरावीक प्रहरी होत असेल तर उष्णतेचा संशय धरावा. पेटी छतापासून खाली, भिंतीपासून किंचित अलग, तिच्या जाळीतून वारा खेळेल अशी ठेवावी, आणि तिच्यावर शोभेसाठी विणलेला रुमाल घालू नये.

दुसरा टप्पा विजेचा. पेटीला लागणारी वीज अल्प असते, पण ती स्थिर हवी. पुष्कळ राऊटरांना 12 व्होल्टचा अडॅप्टर लागतो, आणि तो जुना झाला की दिवे लावण्यापुरती शक्ती देतो परंतु काम चालवण्यापुरती देत नाही. दिवे मंद लुकलुकतात, पेटी पुन्हा पुन्हा आरंभापासून सुरू होते. त्याच प्रकारचा, तेवढ्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा अधिक अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहिला की संशय फिटतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत केवळ राऊटरसाठी मिळणारी लहान बॅटरी घेणे हा खर्च मी सार्थ मानतो.

विजेवरून मेघगर्जनेकडे वळावे लागते. काचतंतूतून वीज वाहत नाही. त्यामुळे तार काचेची आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, अशी समजूत होते. परंतु घरात येणाऱ्या अनेक तारांत काचतंतूला आधार देण्यासाठी पोलादी तंतू असतो, विजेच्या जोडणीतून आघात येतोच, आणि काचतंतूची पेटी व राऊटर वेगवेगळे असतील तर त्यांना जोडणारी तांब्याची तार तो आघात एकीकडून दुसरीकडे नेते. वळवाच्या पावसानंतर सर्व दिवे लागलेले, पण बाहेरच्या तारेचा दिवा मात्र विझलेला, असे दिसले तर राऊटरचे ती तार जोडण्याचे द्वार जळाल्याची शक्यता मोठी असते. गडगडाट सुरू होताच अडॅप्टर आणि ती तांब्याची तार काढून ठेवणे हाच खात्रीचा बंदोबस्त आहे.

आता मुख्य टप्पा, काचतंतूचा. तार ज्या पेटीत शिरते तिच्यावर 'पॉन' आणि 'एलओएस' अशी नावे असलेले दोन दिवे बहुधा असतात. पॉनचा हिरवा दिवा स्थिर असला तर प्रकाशाची वाट शाबूत आहे. तो लुकलुकत राहिला तर पेटी कंपनीच्या केंद्राशी ओळख पटवू पाहते आहे आणि तिला यश येत नाही. आणि एलओएसचा तांबडा दिवा लागला तर केंद्राकडून येणारा प्रकाशच पोहोचत नाही, मग आपण राऊटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. या तंतूचा प्रकाशवाहक गाभा केवळ 9 मायक्रॉन जाडीचा असतो. पलंगाच्या पायाखाली चेपलेली, खिळ्याभोवती घट्ट वळवलेली, दाराच्या फटीत दबलेली तार तुटलेली दिसत नाही, पण वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. तार मोकळ्या, रुंद वळशात ठेवावी. टोकाची हिरवी जोडणी हलकेच काढून पुन्हा नीट बसवता येते. मात्र तिच्या तोंडाला बोट लावू नये, कारण धुळीचा एक कण पुरेसा अडथळा करतो, आणि त्या तोंडात डोळ्याने कधीही पाहू नये, कारण तो प्रकाश दिसत नाही तरी नेत्रपटलास अपाय करू शकतो.

घरात दोष नसेल तर बाहेर असेल. रस्तारुंदीकरणातील जेसीबी, खांबावरून तारेला लोंबकळणारी वानरे, खारी व उंदरांचे दात, वादळात कोसळलेली सागाची फांदी, ही या मुलखातील नित्याची कारणे होत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाला, म्हणजे दुरुस्तीला जाणारा माणूसही अलीकडच्या काठावर थांबतो. अशा वेळी शेजाऱ्याकडे चौकशी करणे ही सर्वांत मोलाची तपासणी. केंद्रातील एका धाग्यावरून प्रकाश वाटून बहुधा 32 किंवा 64 घरांना दिला जातो, आणि केंद्र वीस किलोमीटरांपर्यंत दूर असू शकते. म्हणून त्याच कंपनीचे शेजारचे घरही बंद असेल तर दोष वाटणीच्या आधीच्या तारेत आहे, फक्त आपलेच बंद असेल तर वाटणीनंतरच्या. आणखी एक गोष्ट थोड्यांना ठाऊक असते: वीज जाताना यातील पुष्कळ पेट्या विझण्यापूर्वी केंद्राला एक अखेरचा संदेश पाठवतात. त्यामुळे ग्राहकाची वीज गेली की तार तुटली, हे कंपनीला आपल्या दप्तरात पाहता येते, आणि ते विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

प्रकाश आहे, पॉनचा दिवा स्थिर आहे, तरी इंटरनेट नाही, असे झाले तर मामला ओळखीचा असतो. पुष्कळ कंपन्या राऊटरमध्ये ग्राहकाचे नाव आणि परवलीचा शब्द साठवून ठेवतात आणि तो जुळल्यावरच वाट उघडतात. रिचार्जची मुदत संपली की ती बंद होते. म्हणून प्रथम खाते चालू आहे का, हे पाहावे. नंतर दोन्ही पेट्या बंद करून अर्धा मिनिट थांबावे, आधी काचतंतूची पेटी चालू करावी, तिचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे धीर धरावा, आणि मगच राऊटर चालू करावा. हा क्रम उलटला तर राऊटर आपली मागणी ऐकणारे कोणी नसतानाच मागणी करून बसतो. परंतु पाठीमागच्या लहान छिद्रात टाचणी खुपसून रीसेट करण्याचा जो उतावळेपणा सर्वत्र दिसतो, त्याला मी ठाम विरोध करतो. त्या एका दाबाने कंपनीने भरलेला सर्व मजकूर पुसला जातो, आणि तास-दोन तासांत आपोआप सुटला असता तो बिघाड कारागीर येईपर्यंत आठवडाभर लांबतो. राऊटर नवा घेतला असेल तर हेही लक्षात ठेवावे की काही केबलचालक जुन्या यंत्राचा क्रमांक नोंदवून ठेवतात. नव्याचा क्रमांक त्यांना कळवल्याशिवाय वाट उघडत नाही.

क्वचित असेही होते की एखादे ॲप चालते आणि संकेतस्थळे उघडत नाहीत. तेव्हा वाट मोकळी असते, पण नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस नावाची सेवा उत्तर देत नसते. राऊटरच्या किंवा मोबाईलच्या मांडणीत 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 हा पत्ता भरला की अडचण बहुधा दूर होते. संगणकाला 169.254 ने सुरू होणारा पत्ता मिळालेला दिसला, तर त्याला राऊटरने पत्ता दिलाच नाही, असे निश्चित समजावे.

सिमकार्डवर चालणाऱ्या राऊटरची कथा थोडी निराळी. तो मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत ठेवावा, हे खरे. पण रेघा पूर्ण असूनही इंटरनेट नसेल तर मनोऱ्यामागची जोडणी तुटलेली असू शकते, आणि त्यावर घरात उपाय नाही.

तपासणी करून मग तक्रार करणाऱ्याला वेगळे वजन येते. 'नेट चालत नाही' असे सांगण्याऐवजी 'एलओएसचा दिवा सकाळपासून तांबडा आहे, अडॅप्टर बदलून पाहिला, शेजारच्या घरीही बंद आहे' असे सांगितले की पलीकडच्या माणसाला आपल्याकडून पुन्हा तीच उठाठेव करवून घेण्याचे कारण उरत नाही. तक्रारीचा क्रमांक अवश्य मागावा आणि तारखेसह लिहून ठेवावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या नियमावलीप्रमाणे कंपनीने तो दिलाच पाहिजे, आणि निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनामूल्य दाद मागता येते.

या दोन जिल्ह्यांतील शिकलेल्या तरुणांना, ग्रामसेवकांना आणि सेवा केंद्रे चालवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या गावच्या पेटीशेजारी एक कागद चिकटवावा. त्यावर कोणत्या दिव्याचा काय अर्थ, पेट्या चालू करण्याचा क्रम, ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा दूरध्वनी एवढे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावे, आणि जिथे लोक माडिया, गोंडी, तेलुगू किंवा बंगाली बोलतात तिथे त्या भाषेतही लिहावे.