बाणाचा दांडा आणि नोंदवही

तंजावरच्या राजवाड्याला नायक राजांनी आरंभ केला आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भोसले घराण्याने त्यात भर घातली. त्याच्या आवारात मजल्यावर मजले चढविलेला एक उंच मनोरा आहे. शस्त्रागाराचा मनोरा म्हणून तो ओळखला जातो. जवळच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. शस्त्र आणि ग्रंथ यांचा हा शेजार अग्निबाणाची कथा समजून घेण्यास फार उपयोगी पडतो.

अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत तोफांच्या बरोबरीने ‘बाण’ येतात. हे बाण धनुष्याचे नव्हेत. दारू ठासलेली नळी लांब बांबूला बांधावी, वात पेटवावी आणि ती शत्रूच्या घोडदळावर सोडावी, असे ते अस्त्र होते. म्हैसूरकरांनी नळी लोखंडाची केली. त्यामुळे आतील वायूंचा अधिक दाब ती सोसू लागली आणि बाण अधिक दूर जाऊ लागला. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना त्याचा प्रत्यय आला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर असे बाण इंग्लंडला गेले आणि पुढे विल्यम काँग्रीव्ह याने वुलिच येथे त्यांवर पद्धतशीर प्रयोग केले.

बाणाला बांबू कशासाठी? केवळ धरण्यासाठी नव्हे. उडणाऱ्या वस्तूचे सारे वजन जणू एका बिंदूत एकवटलेले असते, तो गुरुत्वमध्य. वाऱ्याचा आडवा दाब ज्या बिंदूत एकवटतो, तो दाबमध्य. दाबमध्य मागे आणि गुरुत्वमध्य पुढे असेल, तर वाकडे झालेले टोक वारा स्वतःच सरळ करतो. उलट असेल, तर बाण कोलांट्या घेतो. बांबू हलका पण लांब असल्यामुळे तो दाबमध्याला बराच मागे ओढतो. आजच्या हौशी अग्निबाणात हेच काम शेपटाकडील पंख करतात.

अमेरिकेत आणि इंग्लंडात अशा हौशी लोकांची मंडळे शनिवार-रविवारी मोकळ्या माळावर जमून स्वतः तयार केलेले अग्निबाण उडवितात. ज्यांच्या मोटरीचा एकूण आवेग १६० न्यूटन-सेकंदांहून अधिक असतो, ते मोठ्या शक्तीचे मानले जातात आणि ते उडविण्यास पायरीपायरीने परीक्षा द्यावी लागते. उड्डाणाच्या आदल्या रात्रीची तयारी मात्र शांत व कंटाळवाणी असते. सर्व भाग, मोटरसुद्धा, जागी बसवून अग्निबाण तराजूवर व धारेवर तोलला जातो. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे निदान नळीच्या व्यासाइतका तरी असावा, असा संकेत आहे. कमी पडल्यास टोकात वजन घालतात. हवाई छत्रीची घडी, तिच्या दोऱ्या, पंखांचे सांधे तपासले जातात. छत्री बाहेर फेकणारी योजना जमिनीवरच अजमावून पाहिली जाते. छत्री न उघडल्यास वर गेलेली वस्तू भाल्यासारखी खाली येते.

माळावरही नियमांचे राज्य असते. मोटर विजेच्या तारेने, दुरूनच पेटवावयाची. मोटर न पेटल्यास निदान एक मिनिट कोणीही जवळ जावयाचे नाही. वारा ताशी सुमारे ३२ किलोमीटरांहून अधिक असेल, तर उड्डाण रहित. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नळी, पंख, टोक हे सारे घरी करावे. मोटर मात्र तपासून प्रमाणित केलेलीच आणावी. आपल्याकडे १८८४ च्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्यान्वये विनापरवाना दारू तयार करणे हा गुन्हा आहे. पण कायदा नसता, तरीही हा नियम पाळावा लागलाच असता. शिवकाशीच्या परिसरात परवानाधारक कारखान्यांतही स्फोट होऊन माणसे दगावली आहेत. मग स्वयंपाकघरात दारू ठासणाऱ्या मुलाला अभय कोण देणार?

येथे पुन्हा तंजावर आठवते. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजींनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला. त्यांच्या वेळी नेत्ररोग्यांवर झालेल्या उपचारांच्या नोंदी चित्रांसह लिहून ठेवण्यात आल्या आणि त्या आजही अभ्यासकांना पाहता येतात. बाण तयार करणाऱ्या कारागिरांच्या हाती कौशल्य कमी नव्हते. पण किती दारूला किती लांब दांडा लागला आणि कोणता बाण का भरकटला, हे त्यांच्या हातांतून बहुधा कागदावर उतरले नाही. वुलिचच्या प्रयोगांत ते उतरले. कौशल्य माणसाबरोबर जाते. नोंद मागे राहते.

१९६३ साली अमेरिकेत वॉलप्स बेटावर प्रशिक्षणासाठी गेलेल्या रामेश्वरमच्या अब्दुल कलामांना तेथील भिंतीवर म्हैसूरच्या बाणांचे चित्र दिसले. त्याच वर्षीच्या २१ नोव्हेंबरला थुंबा येथून भारतातील पहिला संशोधन-अग्निबाण उडाला. आज एखाद्या शाळेत हौशी अग्निबाणांचे मंडळ निघावयाचे असेल, तर पहिली खरेदी नोंदवहीची असावी. वजन, वारा, मोटर, फसलेले उड्डाण आणि त्याचे कारण, हे सारे तीत लिहिले जावे. पंखांनी अग्निबाण सरळ जातो; पुढच्या मुलाचे बोट शाबूत राहते, ते या वहीमुळे.