जीवरक्षक नौका : नुसती संख्या पुरेशी नाही

जहाज बुडू लागले की प्रवाशांचा अखेरचा आधार म्हणजे जीवरक्षक नौका. मात्र, नौका जहाजावर असणे आणि ती वेळेत पाण्यात उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा धडा जगाला अनेक दुर्घटनांतून घ्यावा लागला.

एप्रिल १९१२ मध्ये अटलांटिक महासागरात बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर सुमारे २,२०० माणसे होती, २० नौकांत जागा होती फक्त १,१७८ जणांची. तरीही नियमभंग झालेला नव्हता. तत्कालीन ब्रिटिश नियमानुसार दहा हजार टनांवरील कोणत्याही जहाजाला १६ नौका पुरेशा होत्या. ‘टायटॅनिक’ ४६ हजार टनांचे होते. त्यातही पहिली नौका ६५ जणांची क्षमता असताना अवघ्या २८ जणांना घेऊन निघाली. या दुर्घटनेत सुमारे १,५०० जणांचा बळी गेला.

त्यानंतर १९१४ मध्ये लंडन येथे ‘सोलास’ हा सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जहाजावरील प्रत्येकासाठी जागेची तरतूद हवी, हे तत्त्व मान्य झाले. पण ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ बुडविले, तेव्हा त्यावर तब्बल ४८ नौका होत्या. जहाज एका बाजूला कलले आणि १८ मिनिटांत बुडाले. जेमतेम सहा नौका सुखरूप उतरल्या.

त्यामुळेच आजचे नियम नौका उतरविण्याच्या व्यवस्थेवरही तितकाच भर देतात. जहाज २० अंशांपर्यंत कलले तरी नौका खाली सोडता आली पाहिजे. प्रवासी जमल्यानंतर जहाज सोडण्याचा इशारा मिळाला की प्रवासी जहाजाने ३० मिनिटांत सर्व नौका उतरवाव्यात, असा दंडक आहे. मालवाहू जहाजांसाठी ही मुदत १० मिनिटांची आहे. अनेक मालवाहू जहाजांच्या मागील टोकाला उतारावरून थेट समुद्रात झेपावणारी बंदिस्त नौका असते.

तरीही माणसाची दिरंगाई घात करू शकते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळले. जहाज सोडण्याचा आदेश तासाभराने निघाला. तोवर ते कलत गेल्याने काही नौका उतरविणे कठीण झाले. ३२ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सुरक्षा सराव झालेला नव्हता.

पूर्वी असा सराव प्रवासी चढल्यापासून २४ तासांत घेण्याची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून तो जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक झाले. अनेकांना कंटाळवाणा वाटणारा हा सराव आपली नौका कोणती आणि तेथे पोहोचायचे कसे, एवढेच शिकवतो. संकटसमयी नेमकी तीच माहिती उपयोगी पडते.