नाव कोणाचे? आधी नोंदवील त्याचे की कमावील त्याचे?

सभासद बंधूंनो, सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि जमीन कसतो दुसराच, हा वाद आपल्याला नवा नाही. इंटरनेटवरच्या पत्त्याचेही तसेच आहे. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, जो आधी मागेल आणि फी भरेल त्याला मिळते. त्याचा हक्क किती, हे देताना कोणी तपासत नाही.

पेण तालुक्यातले जोहे-हमरापूर घ्या. तिथल्या गणेशमूर्तींचे नाव कारागिरांनी कमावले. उद्या कोण्या परक्याने त्या नावाचे डोमेन अडवून ‘पैसे मोजा’ म्हटले, तर?

त्यावर इलाज आहे. १९९९ साली ‘रेडिफ’शी मिळतेजुळते ‘रॅडिफ’ नाव घेणाऱ्यास मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. २००४ साली ‘सिफी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनलाही व्यापारी नावासारखे संरक्षण दिले. ‘डॉट इन’ नावांसाठी लवादही आहे. तिथे तीन गोष्टी पटवाव्या लागतात: नाव आपल्या नावासारखे आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याचा हेतू खोटा आहे.

पण गावाचे नाव साऱ्या गावाचे. जोह्याचाच एखादा मूर्तिकार ते घेऊन मूर्ती विकू लागला, तर त्याला खोटा कसे म्हणायचे? तिथे निकाल सोपा नाही.

म्हणून आम्ही सांगतो, गुळाचे, रोपवाटिकेचे, सोसायटीचे डोमेन वेळीच घ्या. साइट करून देणाऱ्या पोराच्या नावावर नको, संस्थेच्या नावावर घ्या. मुदत संपण्याआधी पैसे भरा. कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा हे स्वस्त पडते.